मंगळावर रात्रीचे साडेआठ

मंगळावर माणूस उतरवणं हे मानवजातीने आजवर केलेलं सर्वांत अवघड काम आहे, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्यांनी ते लिहिलं, त्यांच्या घरी बहुधा तीन वर्षांचं मूल नव्हतं. मंगळावर माणूस उतरून बरीच वर्षं झाली होती. तीन वर्षांचा निषाद भोईटे मात्र अजून झोपत नव्हता.

निषाद, त्याची साडेनऊ वर्षांची ताई शाल्मली आणि त्यांचे आईबाबा गेरू ठाण्यात राहायचे. मंगळावरच्या मुख्य वसाहतीपासून गाडीने दोन दिवस लांब असलेलं हे ठाणं म्हणजे लाल मातीत अर्धं पुरलेलं चार खोल्यांचं घर. शेजारी नाही, रस्ता नाही, भाजीवाला तर नाहीच. बाबा दगडांचा अभ्यास करायचे. आई ठाण्याची हवा आणि पाणी सांभाळायची. दामोदर नावाचा जुना यंत्रमानव बाकी सगळं करायचा. दामोदरला खूप गोष्टी माहीत होत्या, पण तो बोलत नसे. पहिल्याच आठवड्यात त्याने आईला आमटीतल्या मिठाबद्दल आणि बाबांना पाठीच्या पोकाबद्दल इतके सल्ले दिले की बाबांनी त्याची सल्ला देण्याची सोयच बंद करून टाकली. तेव्हापासून तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा, आणि तेवढंच द्यायचा.

गेरू ठाण्यात घड्याळं मात्र सातारची होती. म्हणजे तिथे सातारची वेळ पाळायचे. याला कारण आजी. बाबांची आई, सातारची आजी, रोज रात्री साडेआठला नातवंडांसाठी एक गोष्ट सांगून पाठवायची. मंगळ इतका लांब आहे की आवाज पोचायला कधी पाचेक मिनिटं लागतात, कधी वीस. त्यामुळे आजीशी समोरासमोर गप्पा मारणं शक्यच नव्हतं. तरी बाबांचं म्हणणं असं, की आई तिकडे जेवण आटपून, चष्मा पुसून गोष्ट सांगायला बसणार आणि आपण इकडे ती दुसऱ्या दिवशी शिळी करून ऐकणार, हे बरं दिसत नाही. म्हणून ठाण्यातले दिवे सातारला उजाडलं की उजळायचे आणि सातारला रात्र झाली की मंद व्हायचे. बाहेर मंगळावर काय चाललंय याची कुणी दखल घेत नसे. कधी कधी बाबांची सकाळ बाहेरच्या मध्यरात्री व्हायची. मग ते बॅटरी लावून दगड शोधायला जायचे आणि याला शिस्त म्हणायचे.

निजवण्याचा कार्यक्रम ठरलेला होता. दात घासायचे. दूध प्यायचं. शू. आजीची गोधडी. आजीची गोष्ट. मग आई थोपटायची, आणि आई दमली की बाबा अंगाई म्हणायचे. बाबांना अंगाई येत नव्हती, म्हणून ते खडकांची नावं सुरात म्हणायचे. बसाल्टपासून सुरुवात व्हायची. दोन आठवडे हा कार्यक्रम अगदी सुरळीत चालायचा. निषाद ग्रॅनाइटपर्यंतसुद्धा जागा राहायचा नाही.

आणि मग काहीतरी बिघडायचं. रोज थोडं थोडं. गोष्ट संपली तरी निषाद टक्क जागा. मग पाणी. मग पुन्हा शू. मग "बाबा, खडक संपले का?" मग गोधडीचा रथ, उशीचा घोडा, आणि घोड्यावरून आईच्या पोटावर उडी. काही दिवसांनी याच्या उलट. जेवताना भाताच्या ताटातच मान पडायची, आणि आईबाबांना गाढ झोप लागली की हा ताजातवाना उठून दामोदरला नाचायला लावायचा. मग पुन्हा सगळं आपोआप ठीक. पुन्हा दोन आठवडे शांतता. पुन्हा घोडा.

"मूड आहे त्याचा," बाबा म्हणायचे.

"मूड नाही, तुमच्या घराण्याचा हट्ट आहे तो," आई म्हणायची. तिच्या डोळ्यांखाली एव्हाना बाबांच्या दगडांसारखा रंग आला होता.

मग एक दिवस मुख्य वसाहतीतून डॉक्टर फरीदा तांबोळींचा निरोप आला. निषादच्या मनगटावरच्या पट्ट्यातून त्याच्या झोपेची नोंद त्यांच्याकडे जायची. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "अनुजा, हर्षवर्धन, मुलाची झोप अशी राहिली तर मला तुम्हाला ठाण्यावर ठेवता येणार नाही. यान पुढच्या महिन्यात पृथ्वीकडे परत निघतंय. तोवर सुधारलं नाही, तर तुमच्या जागा त्यात धरते."

आईने निरोप पुन्हा एकदा लावून ऐकला. शाल्मलीने दरवाज्याजवळच्या खुंटीकडे बघितलं. तिथे तिचा नवा अंतराळपोशाख टांगलेला होता. तिच्या मापाचा, कोपरावर पिवळे पट्टे असलेला. दहावा वाढदिवस झाला की आई तिला मोठ्या विवराच्या काठापर्यंत चालत नेणार होती. तिथून पलीकडचा कडा दिसतो म्हणे, आणि कड्यावरून धुळीचे भोवरे खाली उतरतात. तिने ते भोवरे फक्त बाबांच्या फोटोत पाहिले होते. यान पुढच्या महिन्यात निघणार होतं. वाढदिवस त्याच्या नंतर होता.

"निषू," ती भावाला म्हणाली, "तू झोपणार आहेस की नाही?"

"नाही," निषाद म्हणाला. तो तसा प्रामाणिक होता.

घरात तर्क सुरू झाले. बाबा म्हणाले, भूक. म्हणून रात्री शिरा सुरू झाला. निषादला शिरा आवडला आणि तो शिऱ्यासाठी जागू लागला. आजीने निरोप पाठवला, की दृष्ट लागली असेल, मीठमिरच्या ओवाळून टाका. मिरच्यांचा धूर झाल्याबरोबर ठाण्यातली धोक्याची घंटा वाजली, छतातून पंखे सुरू झाले, दामोदर आग विझवण्याचा नळ घेऊन धावत आला. निषादला हे इतकं आवडलं की पुढे तीन रात्री तो "दृष्ट काढा" म्हणून रडला. मग आजीने पौर्णिमेचं सुचवलं. लहान मुलं पौर्णिमेला झोपत नाहीत, हे सातारला सगळ्यांना माहीत होतं.

शाल्मलीने पट्ट्यातल्या जुन्या नोंदी काढून ते तपासलं. पौर्णिमा साधारण चार आठवड्यांनी येते. निषादचं बिघडण्याचं चक्र पाच आठवड्यांहून थोडं मोठं होतं. दोन्ही एकदा जुळले, पुढच्या वेळी आठवडाभर चुकले, त्याच्या पुढच्या वेळी पंधरवडाभर. म्हणजे चंद्राचा काही दोष नव्हता.

"पण चक्र आहे ना," ती आईला म्हणाली. "मूड असता तर चक्र नसतं."

"उजेडाचं काही असेल का?" आईने विचारलं.

"ते माझं बघून झालंय," बाबा म्हणाले. "परवा खिडकीला चादर लावली. पूर्ण अंधार. तरी घोडा झाला. म्हणजे उजेडाचा संबंध नाही. शास्त्रीय पद्धत म्हणतात याला."

ठाण्यात एकच खिडकी होती, मुलांच्या खोलीत, पश्चिमेला. निषाद दिवसभर तिच्यात बसून असायचा, कारण तिच्यात मंगळ दिसायचा. बाकीचे तिघं आतल्या खोल्यांमध्ये दिव्याखाली कामं करायचे. शाल्मलीचा अभ्याससुद्धा आतच.

त्या रात्री आजीची गोष्ट लागली, तेव्हा शाल्मलीने चादरीचा कोपरा उचलून बाहेर पाहिलं. सूर्य खिडकीच्या मधोमध होता. तिने आईच्या पाकिटातून एक लाल टिकली काढली आणि काचेवर, बरोबर सूर्य दिसत होता तिथे, चिकटवली. लाल, कारण निषाद जागा होता. दुसऱ्या रात्री गोष्ट लागली तेव्हा सूर्य टिकलीच्या वर होता. तिने दुसरी चिकटवली. तिसऱ्या रात्री आणखी वर. टिकल्यांची एक रांग खालून वर चढायला लागली, जणू सूर्य रोज थोडा थोडा मागे सरत होता.

शाल्मलीने ती रांग बोटाने खालून वर मोजली. तिला अजून काही कळलं नव्हतं. पण काहीतरी कळणार आहे, एवढं कळलं होतं.

"दामू," तिने विचारलं, "निषू का झोपत नाही?"

"अपुरी माहिती," दामोदर म्हणाला.

तिने विचार केला. प्रश्न बदलला.

"आजीची गोष्ट येते तेव्हा किती वाजलेले असतात?"

"साडेआठ, शाल्मलीताई."

"रोज?"

"रोज."

"मग सूर्य रोज वेगळ्या जागी कसा? बाहेर किती वाजलेले असतात?"

दामोदरचे दिवे लुकलुकले. दोन वर्षांत त्याला कुणी बरा प्रश्न विचारला नव्हता.

"बाहेर आज दुपारचे तीन वाजलेत. काल पावणेचारच्या सुमारास होते. मंगळ स्वतःभोवती फिरायला पृथ्वीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतो. त्यामुळे सोल (मंगळावरचा एक दिवस, एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत) पृथ्वीच्या दिवसाहून जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा असतो."

"चाळीसच मिनिटं? त्याने काय होतंय?"

"एका दिवसात काही नाही. प्रात्यक्षिक दाखवू का? जेवणाच्या टेबलाभोवती जागा लागेल."

प्रात्यक्षिक असं होतं. शाल्मली म्हणजे सातारचं घड्याळ. दामोदर म्हणजे मंगळाचा सूर्य. दोघांनी टेबलाच्या दरवाज्याकडच्या टोकापासून एकदम निघायचं आणि टेबलाभोवती फेऱ्या मारायच्या. दरवाज्याशी पोचलं की रात्र. दामोदर किंचित हळू चालणार होता, कारण मंगळाचा दिवस किंचित मोठा. ते निघाले आणि निषाद धावत येऊन दामोदरच्या मागची वायर धरून त्याच्यामागे चालू लागला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

पहिली फेरी. शाल्मली दरवाज्याशी पोचली, दामोदर एक पाऊल मागे. दुसरी फेरी, दोन पावलं मागे. काहीच फरक नाही म्हणावं, इतकं कमी. पण ती चालत राहिली आणि अंतर वाढत राहिलं. आणखी कितीतरी फेऱ्यांनंतर ती दरवाज्याशी पोचली, "रात्र झाली, झोपा," म्हणाली, आणि तिने वर बघितलं. दामोदर टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रिजपाशी होता. आणि त्याच्या वायरीला लोंबकळणारा निषादही.

"झोप," शाल्मली म्हणाली.

"इथे सकाळ आहे," निषाद फ्रिजपासून म्हणाला. त्याला खेळ कळला होता.

शाल्मली जागच्या जागी थांबली. मग ओरडतच आत गेली, "आई, निषू आपल्या घड्याळाबरोबर नाही. तो सूर्याबरोबर आहे. बाबा, उठा, तो मंगळाच्या वेळेत राहतोय."

आईबाबा आले. शाल्मलीने त्यांना टेबलाभोवती पळवलं. बाबांना दम लागला. त्यांनी मान्य केलं की दोन घड्याळं रोज थोडी सरकत जातात, आणि पाच आठवड्यांहून थोड्या जास्त दिवसांनी पुन्हा एकत्र येतात. शाल्मलीने फेऱ्या चालू ठेवून दाखवलं, की एकत्र यायच्या थोडं आधी दामोदर दरवाजा ओलांडून पुढे गेलेला असतो. म्हणजे घरात जेवणं चालू असतात तेव्हा बाहेर मध्यरात्र उलटलेली असते.

"तेव्हाच तो ताटात झोपतो," आई हळूच म्हणाली. ती खुर्चीत बसली.

"पण चादर," बाबा म्हणाले. त्यांना आपल्या प्रयोगाबद्दल प्रेम होतं. "अंधार केला होता मी. झोपायला हवा होता."

शाल्मलीने दामोदरकडे बघितलं. "दामू, अंधार केला तरी तो लगेच का झोपला नाही?"

हा प्रश्नही बरा होता. दामोदर बोलू लागला. प्रत्येक माणसाच्या शरीरात एक जैविक घड्याळ (पेशींमध्ये चालणारं, झोप, भूक आणि अंगाची ऊब यांच्या वेळा ठरवणारं आतलं घड्याळ) असतं. त्याचं मुख्य केंद्र मेंदूच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याहून लहान. ते घड्याळ आपल्याआपण चालतं, पण अगदी अचूक चालत नाही. म्हणून रोज त्याला कुणीतरी थोडं पुढेमागे करून लावावं लागतं. ते काम उजेड करतो. डोळ्यात काही पेशी अशा असतात की त्या चित्र बघत नाहीत, फक्त किती उजेड आहे एवढंच मेंदूला कळवत राहतात. अंधारून आलं की काही वेळाने मेंदू मेलॅटोनिन (रात्र झाली हा निरोप अंगभर पोचवणारं रसायन) सोडू लागतो, आणि पापण्या जड होतात.

"मग चादर लावल्यावर अंधारच झाला ना," बाबा म्हणाले.

"त्या दिवशी झाला," दामोदर म्हणाला. "पण त्याआधी कित्येक दिवस त्याचं घड्याळ बाहेरच्या सूर्याने लावलेलं होतं. हे घड्याळ एका रात्रीत वळत नाही. दिवसाला थोडंच सरकतं. सातारचा माणूस विमानाने अमेरिकेला गेला की आठवडाभर भलत्या वेळी जागा राहतो, ते याचमुळे. आज तर तुम्ही बाहेरच्या दुपारी तीनलाच चादर लावली. दुपारी तीनला अंधारात पडलेला माणूस काय करतो?"

"छताकडे बघतो," आई म्हणाली.

"निषाद घोडा करतो," दामोदर म्हणाला.

"मग ताईला आणि आम्हाला का नाही होत?" बाबांनी विचारलं.

याचं उत्तर शाल्मलीनेच दिलं. "आपण दिवसभर आत असतो, दिव्याखाली. दिवे सातारचे. तो दिवसभर खिडकीत असतो." मंगळावर पोचणारं ऊन सातारच्या उन्हाच्या निम्म्याहूनही कमी असतं, पण घरातल्या दिव्यांच्या ते कितीतरी पट जास्त. दोन घड्याळजी एकाच घड्याळाला किल्ली देत होते, आणि खिडकीतला घड्याळजी दांडगा होता.

बाबांनी खिडकीकडे हात केला. मग म्हणाले, "म्हणजे खिडकी बंद करून टाकायची."

निषादने हातातली वायर सोडली आणि खिडकीकडे बघितलं. त्याच्याकडे मंगळाचा तेवढाच तुकडा होता. आई काही बोलायच्या आत शाल्मली म्हणाली, "नाही तर आपण सगळे बाहेरच्या वेळेत राहायचं. मंगळावर राहतोय ना आपण? निषूच बरोबर आहे. चुकतोय आपण. आज बाहेर सूर्य मावळल्यावर कार्यक्रम करून बघू. मी सांगते, तो झोपेल. नाही झोपला तर मी स्वतः खिडकीला पत्रा ठोकते."

"आणि आईची गोष्ट?" बाबा म्हणाले. "ती साडेआठला येऊन बसली."

"ठेवून द्या," आई म्हणाली. "विटत नाही ती."

बाबांना हे बोचलं, पण गोष्ट ठेवली गेली.

बाहेरची संध्याकाळ व्हायला अजून दोन-तीन तास होते. सातारच्या घड्याळात मध्यरात्र होत आली. चौघं खिडकीत बसून होते. सूर्य टिकल्यांच्या रांगेवरून एकेक टिकली ओलांडत खाली आला. मंगळाचं आकाश दिवसा पिवळसर मातकट असतं, पण सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळी झळाळी पसरते. दोन वर्षांत आईबाबांनी ती धडपणे पाहिली नव्हती. त्या वेळी त्यांच्या घड्याळात नेहमी काहीतरी दुसरंच वाजलेलं असायचं.

"हे रोज होतं?" आईने विचारलं.

"रोज," निषाद म्हणाला, घरमालकासारखा.

मग जेवण. जेवताना बाबांची मान भाताच्या ताटात पडली. त्यांना उठवून दात घासले गेले, म्हणजे निषादचे. दूध. शू. गोधडी. गोष्ट लागली. शाल्मली गोष्ट ऐकत नव्हती, ती भावाच्या डोळ्यांकडे बघत होती.  खुंटीवरच्या पोशाखाकडे तिने मुद्दाम पाठ केली होती. गोष्टीतला कोल्हा विहिरीपाशी आला. निषादने एकदा डोळे चोळले. कोल्हा विहिरीत डोकावला. निषादची पापणी खाली आली, वर गेली, खाली आली.

"बसाल्ट," बाबा सवयीने, अर्धवट झोपेत म्हणाले.

"श्श," आई म्हणाली. "झोपला तो."

शाल्मलीने खिडकीवर हिरवी टिकली लावली. अंधारात ती तिरकी लागली.

पुढचे आठ-दहा दिवस ठाण्यात निषाद सोडून कुणाचीच झोप धड झाली नाही. मोठ्यांची घड्याळं जुन्या वेळेवरून निघायला कुरकुरत होती. मग सगळ्यांनी आपापलं काम घेऊन निषादच्या खिडकीत बसायला सुरुवात केली. बाबांनी दगड आणले, आईने नळ्यांची दुरुस्ती तिथेच मांडली. हळूहळू त्यांचीही घड्याळं सूर्याने लावली. बाबा आता उजेडात दगड शोधायचे आणि त्यांना बरेच दगड सापडू लागले.

डॉक्टर तांबोळींचा निरोप आला तेव्हा शाल्मली खुंटीपाशी उभी राहून ऐकत होती. "नोंदी पाहिल्या. सलग सगळ्या रात्री उत्तम. यानातल्या तुमच्या जागा सोडून दिल्या आहेत. आणि शाल्मली, त्या टिकल्यांच्या खिडकीचा फोटो पाठव मला. खिडकी असलेली आणखी ठाणी आहेत, तिथेही मुलं आहेत आणि तिथलेही आईबाप शिरा करतायत."

दहाव्या वाढदिवसाला शाल्मली आईचा हात धरून विवराच्या काठावर उभी राहिली. पलीकडच्या कड्यावरून तीन भोवरे एकापाठोपाठ उतरले, लांब, बारीक, आवाज नसलेले. तिला वाटलं, इथे कधीतरी मुलं जन्माला येतील. त्यांना कुणी सातारची वेळ सांगणार नाही. त्यांच्यासाठी दिवस म्हणजे एवढाच मोठा असेल, आणि पृथ्वीवरचे लोक चाळीस मिनिटं आधीच दिवस गुंडाळतात, याचं त्यांना नवल वाटेल.

आता एकच गोष्ट उरली होती. आजीला कळवायची. बाबांनी निरोप तीनदा बोलून तीनदा पुसला. चौथ्यांदा म्हणाले, "आई, रागावू नकोस. तू रोज साडेआठला आमच्यासाठी बसतेस, हे आम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांत तू एक दिवस चुकवला नाहीस. पण निषादच्या झोपेसाठी आम्हाला इथल्या सूर्याप्रमाणे राहावं लागतंय. तुझी गोष्ट आम्ही नंतर लावून ऐकतो. तुझी तयारी असेल तर तू रोज आदल्या दिवसापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा बसशील का? नाहीतर राहू दे. तुझी झोपमोड नको."

उत्तर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

"अरे हर्षा," आजी म्हणाली, "मी आठलाच झोपते. गोष्टी मी रविवारी दुपारी सगळ्या एकदम बोलून ठेवते, फोन रोज एकेक पाठवतो."